सीमा ओलांडणाऱ्या ट्रकसोबतचा कागद

नाशिकची द्राक्षे जहाजाने रॉटरडॅम बंदरात उतरतात, तेव्हा इथल्या बागायतदाराला माल पोहोचला असे वाटते. प्रत्यक्षात तो अजून वाटेतच असतो. बंदरातून शीतपेटीच्या ट्रकमध्ये चढून ती द्राक्षे जर्मनीतील एखाद्या शहराकडे निघतात आणि हा शेवटचा टप्पा पूर्णपणे रस्त्याचा असतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होऊन युरोपच्या विमानतळावर उतरणाऱ्या औषधांचेही तेच. समुद्रप्रवासाचे ‘बिल ऑफ लेडिंग’ आपल्या निर्यातदारांना तोंडपाठ असते, कारण बँकेतले पैसे त्यावर अडतात. रस्त्याच्या टप्प्यावरचा कागद मात्र बहुधा ट्रकचालकाच्या शेजारच्या आसनावर एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये पडलेला असतो. तो नीट भरला होता का, हा प्रश्न माल खराब झाल्यावरच कोणाला तरी आठवतो.

या कागदाला युरोपभर ‘सीएमआर’ म्हणतात. खरे तर हे एका आंतरराष्ट्रीय कराराच्या फ्रेंच नावाचे संक्षिप्त रूप आहे. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या कंत्राटाविषयीचा हा करार १९ मे १९५६ रोजी जिनिव्हा येथे झाला आणि २ जुलै १९६१ पासून अमलात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रस्ते पुन्हा बांधले गेले आणि रेल्वेवरचा माल ट्रकवर येऊ लागला. एका देशात भरलेला माल तिसऱ्या देशात चोरीला गेला तर कायदा कोणाचा लावायचा, याचे उत्तर तेव्हा प्रत्येक न्यायालय आपापल्या परीने देत होते. तो गोंधळ मिटवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने पुढाकार घेतला. आज पन्नासहून अधिक देश या करारात आहेत आणि त्यांत तुर्कस्तान, इराण, कझाकस्तान, मोरोक्को असे युरोपाबाहेरचे देशही आहेत. भारत त्यांत नाही.

भारत सदस्य नसल्यामुळे हा विषय आपला नव्हे, असे मात्र समजू नये. माल ताब्यात घेण्याचे ठिकाण आणि तो पोहोचवण्याचे ठिकाण दोन वेगळ्या देशांत असले आणि त्यांपैकी एक देश जरी सदस्य असला, तरी मोबदला घेऊन केलेल्या रस्तावाहतुकीच्या कंत्राटाला हा करार आपोआप लागू होतो. माल पाठवणाऱ्याचे राष्ट्रीयत्व वा पत्ता तिथे पाहिला जात नाही. रॉटरडॅमहून कोलोनपर्यंतच्या रस्तावाहतुकीचे स्वतंत्र कंत्राट जर नाशिकच्या निर्यातदाराने केले असेल, तर त्याचे हक्क आणि त्याच्या जबाबदाऱ्या याच कराराने ठरतात. ट्रक मालासह जहाजात चढून खाडी ओलांडून गेला, तरी माल ट्रकमधून उतरवलेला नसेल तर सबंध प्रवास याच कराराखाली येतो. टपाल, मृतदेहांची वाहतूक आणि घरसामानाचे स्थलांतर एवढेच प्रकार यातून वगळलेले आहेत.

कागदाचे स्वरूप साधे आहे. कराराप्रमाणे प्रेषणपत्राच्या तीन मूळ प्रती होतात आणि त्यांवर पाठवणारा व वाहतूकदार या दोघांच्या सह्या असाव्या लागतात. पहिली प्रत पाठवणाऱ्याकडे राहते, दुसरी मालासोबत जाते, तिसरी वाहतूकदार ठेवतो. प्रचलित छापील नमुन्यात पाठवणाऱ्याची प्रत लाल, माल घेणाऱ्याची निळी आणि वाहतूकदाराची हिरवी असते, म्हणून गोदामात ‘लाल कुठे आहे’ एवढे विचारले तरी काम भागते. नमुन्यात एकूण चोवीस रकाने आहेत. नावे, पत्ते, पेट्यांची संख्या, त्यांवरच्या खुणा, ढोबळ वजन, भाडे कोण देणार, सीमाशुल्कासाठी कोणती कागदपत्रे जोडली, ही सारी माहिती त्यांत येते. शिवाय या वाहतुकीला सदर करार लागू आहे, मग कंत्राटात दुसरे काहीही लिहिलेले असो, असे एक वाक्य त्यात असावेच लागते. हे वाक्य नसल्यामुळे पाठवणाऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई वाहतूकदाराच्या माथी येते.

कागदच केला नाही, हरवला किंवा चुकीचा भरला, तर? कंत्राट तरीही वैधच राहते आणि करारही लागू राहतो. मग कागद कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुराव्यात आहे.

अठराव्या रकान्यात वाहतूकदाराने आपले शेरे लिहायचे असतात. माल ताब्यात घेताना पेट्यांची संख्या, त्यांवरच्या खुणा, मालाची आणि वेष्टनाची बाहेरून दिसणारी स्थिती तपासणे हे त्याचे कर्तव्य आहे. तपासणे शक्य नसेल, उदाहरणार्थ ट्रक आधीच भरून सीलबंद करून त्याच्या हवाली केला असेल, तर तसे कारणासह लिहायचे. नुसते ‘तपासले नाही’ एवढे लिहून चालत नाही, का तपासले नाही हेही लिहावे लागते. हा रकाना कोरा राहिला, तर माल आणि वेष्टन बाहेरून सुस्थितीत होते व पेट्यांची संख्या कागदाप्रमाणेच होती, असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक खोडून काढता येते. पण ते काम वाहतूकदाराच्या अंगावर पडते आणि सहा महिन्यांनी न्यायालयात ते करणे सोपे नसते. भर पावसात, रात्री दोन वाजता, परक्या भाषेतला कागद हाती घेऊन उभा असलेला चालक पुष्कळदा काही न लिहिताच सही करून मोकळा होतो. ट्रकच्या किमतीएवढ्या दाव्याचा निकाल कधी कधी त्या एका सहीतच लागलेला असतो.

दुसऱ्या टोकाला आहे चोविसावा रकाना. माल मिळाला म्हणून घेणाऱ्याने सही करायची ती इथे. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा या रकान्याशी प्रत्यक्ष संबंध येतो, याची कल्पना त्यांना कदाचित नसेल. इंग्लंडच्या स्विंडनसारख्या शहरांत गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतले अनेक जण गोदामांत काम करतात. ट्रक दाराशी लागल्यावर कागद पुढे येतो तो त्यांच्याच हाती. त्या क्षणी दिसणारी तूटफूट किंवा कमी संख्या तिथेच, कागदावर लिहून द्यावी लागते. आत दडलेले नुकसान नंतर उघडकीस आले, तर ते लेखी कळवण्यास सात दिवसांची मुदत असते. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरत नाहीत. शेरा दिला नाही, तर माल कागदात वर्णन केल्याप्रमाणेच मिळाला असे प्रथमदर्शनी मानले जाते. उशिराबद्दलचा नियम याहून कडक आहे. माल हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी हरकत पाठवली नाही, तर उशिराची भरपाई मुळीच मिळत नाही, मग पुरावा कितीही भक्कम असो.

आता नुकसान झाले असे समजू. या करारात वाहतूकदाराची जबाबदारी कडक आहे. माल ताब्यात घेतल्यापासून तो पोहोचवेपर्यंत काहीही हरवले, बिघडले किंवा उशीर झाला, की तो सकृद्दर्शनी जबाबदार धरला जातो. त्याने नेमलेला पोटवाहतूकदार, त्या पोटवाहतूकदाराचा चालक, या साऱ्यांच्या कृत्यांसाठीही तोच उत्तर देतो. सुटका हवी असेल, तर चूक पाठवणाऱ्याची होती, मालाच्या अंगच्या दोषामुळे तो बिघडला, किंवा जी परिस्थिती टाळणे आणि जिचे परिणाम रोखणे त्याला शक्यच नव्हते अशी काही घडली, हे त्याने दाखवायचे. ट्रक नादुरुस्त होता ही सबब कधीच चालत नाही, तो भाड्याने घेतलेला असला तरीही. वाटेत बंदूक रोखून लूट झाली, तर काही वेळा सुटका मिळते. पहारा नसलेल्या वाहनतळावर ट्रक रात्रभर सोडून दिला आणि चोरी झाली, तर बहुधा मिळत नाही.

द्राक्षांच्या बाबतीत हे आणखी सूक्ष्म होते. नाशवंत मालाचा स्वभावच बिघडण्याचा असतो, असे वाहतूकदार म्हणू शकतो आणि करार त्याला तशी सवड देतो. मात्र वाहन तापमान राखण्यासाठी खास बनवलेले असेल, तर त्याला पुढची पायरी चढावी लागते. शीतयंत्राची निवड, देखभाल आणि वापर यांबाबत त्या परिस्थितीत जे करायला हवे ते सारे आपण केले आणि दिलेल्या सूचना पाळल्या, हे त्याने सिद्ध करायचे असते. म्हणूनच पाठवणाऱ्याच्या सूचनांच्या तेराव्या रकान्यात ‘थंड ठेवावे’ असे मोघम लिहिण्याऐवजी नेमके तापमान अंशांत लिहावे. अनेक निर्यातदार पेटीत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवतात. पुढे वादाच्या वेळी तेवढा एक आलेख शंभर पत्रांचे काम करतो. माल भरतानाच द्राक्षे पुरेशी थंड नसतील, तर दोष उलट पाठवणाऱ्याकडे फिरतो, हेही लक्षात ठेवावे. शीतयंत्र थंड माल थंड ठेवते. कोमट माल गार करून देणे हे त्याचे काम नव्हे.

भरपाई किती, हा सगळ्यात अनपेक्षित भाग. माल जिथे आणि जेव्हा ताब्यात घेतला, तिथली तेव्हाची किंमत हा आधार. वर एक कमाल मर्यादा आहे, ती वजनावर. मूळ करारात ती किलोमागे २५ सुवर्ण फ्रँक होती. १९७८च्या पूरक करारानंतर, तो स्वीकारलेल्या देशांत, ती ८.३३ विशेष आहरण अधिकार अशी झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या या हिशेबी चलनाचा दर रोज बदलतो; अलीकडच्या दरांनी ही रक्कम किलोमागे सुमारे दहा युरो भरते. वीस टन द्राक्षे पूर्ण नासली तर मर्यादा दोन लाख युरोंच्या घरात जाते आणि द्राक्षांची किंमत त्याहून कितीतरी कमी असते, म्हणजे बागायतदाराला मर्यादेची झळ लागत नाही. पण दहा किलोच्या एका पेटीत वीस हजार युरोंची औषधे असतील, तर ती पेटी हरवल्यावर हाती येतात शंभरेक युरो. कराराची ही आखणी जड आणि स्वस्त मालाच्या काळातली आहे, हलक्या आणि महाग मालाला ती न्याय देत नाही, असे माझे मत आहे. मार्ग आहेत. पाठवणारा जादा आकार देऊन प्रेषणपत्रात मालाची किंमत जाहीर करू शकतो, मग ती किंमतच मर्यादा बनते. व्यवहारात बहुतेक जण हे करत नाहीत, ते स्वतंत्र माल विमा काढतात. काहीच न करणारे मात्र शंभर युरोंवर राहतात.

मर्यादेच्या बाहेरही काही रकमा परत मिळतात: भाडे, सीमाशुल्क आणि वाहतुकीच्या संदर्भात झालेले ‘इतर आकार’. या शेवटच्या दोन शब्दांवरून लंडनमध्ये एक खटला गाजला. स्कॉटलंडहून तेहरानला पाठवायच्या व्हिस्कीच्या १,००० पेट्या वाहतूकदाराच्या ताब्यात असताना लंडनमधील एका वाहनतळावरून चोरीला गेल्या. निर्यातीच्या भावाने त्या दारूची किंमत साधारण ७,००० पौंड होती. पण ती देशाबाहेर गेलीच नाही, म्हणून ब्रिटिश सरकारने पाठवणाऱ्या कंपनीकडून सुमारे ३०,००० पौंड अबकारी कर वसूल केला. हा कर ‘इतर आकारां’त येतो का? १९७७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी येतो असा निर्णय दिला आणि वाहतूकदाराला मालाच्या चौपटीहून अधिक रक्कम भरावी लागली. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे सिगारेटच्या एका प्रकरणात याच शब्दांचा अरुंद अर्थ लावला. करार एकच, पण न्यायालयागणिक अर्थ वेगळा, असे होते ते इथे.

दावा कुठे लावायचा, याला म्हणूनच महत्त्व येते. प्रतिवादीचे मुख्य कार्यालय, माल घेतल्याचे ठिकाण, पोहोचवण्याचे ठिकाण किंवा दोघांनी ठरवलेले सदस्य देशातले न्यायालय, यांतून दावेदाराला निवड असते. वाहतूकदाराने जाणूनबुजून गैरवर्तन केले असेल तर वजनाची मर्यादा गळून पडते. बेफिकिरीने केलेले कृत्य त्यात धरायचे की नाही, याबाबत जर्मन न्यायालये पाठवणाऱ्याच्या बाजूला अधिक झुकतात, इंग्रजी न्यायालये कमी. वकील मंडळी याचा हिशेब आधी करतात. मुदत एक वर्षाची, अशा गैरवर्तनात तीन वर्षांची. वाहतूकदाराकडे लेखी दावा पाठवला की तो लेखी नाकारून कागद परत करेपर्यंत मुदतीचा काळ थांबतो. माल पत्ता लागेनासा झाला असेल, तर ठरलेल्या तारखेनंतर तीस दिवस, आणि तारीख ठरलेली नसेल तर ताब्यात घेतल्यापासून साठ दिवस उलटल्यावर तो हरवला असे मानून भरपाई मागता येते.

एक गैरसमज दूर करायला हवा. बिल ऑफ लेडिंगप्रमाणे हे प्रेषणपत्र मालाच्या मालकीचा दस्तऐवज नाही. ते विकता येत नाही, त्यावर शिक्का मारून माल तिसऱ्याच्या नावे करता येत नाही. तरीही पाठवणाऱ्याच्या लाल प्रतीत एक ताकद आहे. दुसरी प्रत माल घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत, सर्वसाधारणपणे, वाटेतला माल थांबवण्याचा किंवा दुसरीकडे वळवण्याचा अधिकार पाठवणाऱ्याचा असतो. तो वापरायला पहिली प्रत सादर करावी लागते. खरेदीदार दिवाळखोरीत गेल्याची बातमी कानावर आली आणि ट्रक अजून वाटेत असला, तर ज्याच्या कपाटात लाल प्रत आहे त्याचे पैसे वाचण्याची शक्यता राहते.

हे झाले दोन व्यापाऱ्यांमधले. सरकारांशी असलेला हिशेब दुसऱ्या कागदाने मिटतो आणि त्याचे नाव टीआयआर कार्नेट. निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत ही तीन अक्षरे लावलेले ट्रक ज्यांनी परदेशात पाहिले असतील, त्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नसेल. एखादा ट्रक पाच देश ओलांडून जाणार असेल, तर वाटेतल्या प्रत्येक देशाला भीती असते की माल आपल्याकडेच उतरवून विकला जाईल आणि शुल्क बुडेल. म्हणून प्रत्येक सीमेवर तपासणी, प्रत्येक ठिकाणी अनामत. टीआयआर पद्धतीत निघण्याच्या ठिकाणी सीमाशुल्क अधिकारी ट्रक तपासून सील लावतात आणि पुढच्या देशांचे अधिकारी सामान्यतः ते सील व कागद पाहूनच ट्रक सोडतात. शुल्क बुडालेच तर हमी देणारी संस्था ते भरते. अनेक देशांत ही हमी एका कार्नेटमागे १,००,००० युरोंपर्यंत असते. कार्नेट ही पानांची पुस्तिका असते. प्रत्येक देशासाठी त्यात पानांची जोडी, एक प्रवेशाला फाडायचे आणि एक बाहेर पडताना. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघटना या पुस्तिका छापते आणि देशोदेशीच्या मान्यताप्राप्त संस्थांमार्फत वाटते. मूळ करार १९५९चा, आजचा १९७५चा.

या करारात भारत आहे. जून २०१७ मध्ये भारत त्याचा ७१वा सदस्य झाला, त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून तो आपल्याला लागू झाला आणि कार्नेट देण्याचे व हमीचे काम ‘फिक्की’कडे आहे. मार्च २०१९ मध्ये अफगाणिस्तानातून इराणमार्गे पहिला टीआयआर माल भारतात आला. पूर्वेकडे मात्र चित्र फारसे पालटलेले नाही. पेट्रापोल आणि बेनापोल या भारत-बांगलादेश सीमेवर माल एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात चढवण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यातील मोटार वाहन करारावर १५ जून २०१५ रोजी थिंफूमध्ये सह्या झाल्या, पण भूतानच्या संसदेची मंजुरी त्याला मिळाली नाही. माल जितक्या वेळा हात बदलतो, तितक्या वेळा तो कोणाच्या ताब्यात फुटला हे सांगणे कठीण होते. टीआयआर स्वीकारून भारताने शुल्काचा प्रश्न सोडवला, सीएमआर न स्वीकारल्याने नुकसानीचा प्रश्न प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडला. 

कागदाचे हे सारे रूप आता पडद्यावर जाते आहे. इलेक्ट्रॉनिक प्रेषणपत्राला मान्यता देणारा पूरक करार २० फेब्रुवारी २००८ चा असून तो ५ जून २०११ पासून लागू झाला. टीआयआरचेही संगणकीकरण करणारे परिशिष्ट मे २०२१ मध्ये अमलात आले. अठराव्या रकान्यातील शेरा आता चालक फोनवर छायाचित्रासह देऊ शकतो, आणि तो पाठवणाऱ्याला त्याच क्षणी दिसतो.

फोंडा किंवा मडगावहून बेळगावमार्गे हैदराबादला जाणाऱ्या ट्रकला यातले काहीच लागू नाही; तिथे आपली ओळखीची ‘एलआर’ किंवा बिल्टी चालते. तिच्यामागे २००७चा रस्ते मालवाहतूक कायदा आहे. त्याने १८६५चा जुना वाहतूकदार कायदा हटवला. या कायद्यात माल पाठवणारा एक प्रेषण टिपण देतो आणि वाहतूकदार पावती देतो. भरपाईची मर्यादा किलोवर नसून भाड्यावर आहे. पाठवणाऱ्याने अधिक किंमत वा जोखीम लेखी जाहीर केली नसेल, तर २०११च्या नियमांनुसार भाड्याच्या दहा पटींपर्यंत, आणि तीही टिपणात दाखवलेल्या किमतीच्या आत. पाच हजार भाड्याच्या ट्रकमध्ये पाच लाखांचा माल असेल, तर हाती येतील पन्नास हजार. माल हरवला वा बिघडला, तर वाहतूकदाराला लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. तशी नोटीस दिल्याखेरीज दावाच लावता येत नाही.